फॅरो पिसणी शिकण्याइतकी उपयोगी आहे का?

चौकटची राणी, चोपडा

सर्वांना नमस्कार. पत्त्यांची हातचलाखी हा माझा जुना छंद आहे. औषधांचे दुकान बंद करून घरी आल्यावर आणि स्वयंपाक आवरल्यावर जो वेळ उरतो तो मी त्याला देते, त्यामुळे नवे काही हाती घेण्यापूर्वी ते खरोखर कामी येईल का याचा विचार करावा लागतो. प्रेक्षकाने निवडलेले पान पिसता पिसता वर आणणे, ते वरच टिकवणे, डबल लिफ्ट (दोन पाने एकच असल्यासारखी उचलणे) आणि हवे तेच पान प्रेक्षकाला उचलायला लावणे, एवढे मला नीट जमते. शाळेचे स्नेहसंमेलन, गल्लीतल्या गणेश मंडळाचा एखादा कार्यक्रम आणि नात्यातल्या लग्नांमधली हळदीची संध्याकाळ, इथेच मी खेळ करते.

प्रश्न फॅरो पिसणीचा आहे. ज्यांना ती माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅट बरोबर 26-26 पानांत काटायचा, दोन्ही भागांच्या कडा एकमेकींना भिडवायच्या आणि पाने अशी एकमेकांत घुसवायची की एक पान या भागातले, एक त्या भागातले, असा क्रम शेवटपर्यंत टिकावा. मूळचे सर्वांत वरचे पान वरच राहिले तर ती बाहेरची फॅरो, आणि ते दुसऱ्या क्रमांकावर गेले तर आतली. मला जो खेळ करायचा आहे त्यात चार एक्के सर्वांना दाखवून कॅटवर ठेवायचे, दोनदा आतली फॅरो करायची, चार जणांना एकेक करून चार-चार पाने वाटायची, आणि वाटणाऱ्याच्या हातात चारही एक्के निघायचे.

हे सगळे वाचायला सोपे आहे, पण हातात येईना. माझे हात लहान आहेत, कडा जुळवताना पाने झुबक्याने घुसतात, आणि एवढी मेहनत केल्यावर समोरच्याला काही विशेष वाटेल का, याचीही खात्री नाही. ‘शिकलेले काही वाया जात नाही’ असे उत्तर कृपया देऊ नये; ते मला माहीत आहे, पण माझ्याकडे संध्याकाळी उरणारा वेळ फार नाही. याच वेळात दुसरे काही शिकले तर जास्त फायदा होईल का, हे ज्यांनी ही पिसणी प्रत्यक्ष वापरली आहे त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे.

रेल्वे कॉलनी, भुसावळ

ताई, आपण खेळ आधी सांगितला आणि मग तंत्राबद्दल विचारले, हे फार बरे केले. बहुतेक जण उलटे करतात. एखादी अवघड चाल कुठेतरी पाहतात, ती घोटत बसतात आणि ती जमल्यावर तिच्यासाठी खेळ शोधू लागतात.

कोणतेही तंत्र शिकावे की नाही हे ठरवताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो. या तंत्रामुळे प्रेक्षकाला असे काय दिसणार आहे, जे सोप्या मार्गाने दाखवता येत नाही? आपल्याच खेळाला हा प्रश्न लावून पाहू. दोन आतल्या फॅरोनंतर एक्के चौथ्या, आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या जागी जातात. आता समजा, कार्यक्रमापूर्वीच घरी बसून आपण ते त्या जागांवर लावून ठेवले आणि लोकांसमोर पिसताना वरची वीसेक पाने न हलवता फक्त खालची पाने पिसली, तर वाटल्यावर परिणाम तोच निघेल. ही खोटी पिसणी आपल्याला जवळजवळ येतेच, कारण वरचे पान टिकवण्याची जी कला आपण सांगितली तिचाच तो विस्तार आहे.

म्हणजे फॅरो नको का? तसे नाही. पूर्वतयारीच्या मार्गात एक गोष्ट हातची जाते, ती म्हणजे एक्के आधी दाखवून सर्वांच्या देखत वर ठेवता येत नाहीत. ‘एक्के इथे आहेत, आता पिसले, आता ते हरवले’ हे प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहावे असे आपल्याला वाटत असेल तर फॅरोचे मोल आहे, आणि नुसते ‘वाटणाऱ्याकडे चार एक्के आले’ एवढेच दाखवायचे असेल तर तिच्यावर एकही संध्याकाळ घालवू नये.

तिसरा मार्गही आहे. साध्या पिसणीतच एकेक पान मोजून सरकवत दोन एक्क्यांमध्ये तीन-तीन पाने टाकता येतात. 1902 साली शिकागोमध्ये एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने निघालेल्या पुस्तकात अशा जुळवण्या सविस्तर दिल्या आहेत, आणि ते टोपणनाव घेणारा माणूस कोण होता यावर जादूगार मंडळी आजही वाद घालतात. या मार्गात एक्के आधी दाखवता येतात, पण तोंडाने बोलत असताना मनात मोजणी सुरू ठेवावी लागते. मला स्वतःला ती मोजणी फॅरोपेक्षा अवघड वाटते. बोलता बोलता मोजण्याची सवय असलेल्या माणसाला कदाचित वाटणार नाही.

गणित मास्तर, धुळे

वरच्या प्रतिसादातला निकष मला मान्य आहे, परंतु त्यात प्रेक्षकाचाच विचार झाला आहे, शिकणाऱ्याचा नाही. फॅरो ही मला माहीत असलेल्या चालींपैकी अशी एकमेव चाल आहे जी जमली की नाही हे पाने स्वतःच सांगतात. कॅट नीट काटला नसेल तर विणकाम संपताना एका बाजूची पाने जास्त उरतात, आणि त्यासाठी आरशासमोर उभे राहण्याची किंवा कोणाला विचारण्याची गरज पडत नाही.

शिवाय तिच्यामागचे गणित फार देखणे आहे. 52 पानांच्या कॅटवर बिनचूक बाहेरची फॅरो आठ वेळा केली की सगळी पाने मूळच्या क्रमाने परत येतात. पहिल्या पानाच्या जागेला 0 आणि शेवटच्या पानाच्या जागेला 51 म्हटले, तर प्रत्येक फॅरोत पानाचा क्रमांक दुप्पट होतो आणि तो 51 पेक्षा मोठा झाला की त्यातून 51 वजा होतात. दोनाचा आठवा घात 256, त्यातून 51 च्या पाच पटी म्हणजे 255 वजा केले की 1 उरतो, म्हणून आठ. आतल्या फॅरोला मात्र तोच क्रम परत यायला 52 वेळा पिसावे लागते, आणि गंमत म्हणजे बरोबर 26 व्या वेळी सगळा कॅट उलट्या क्रमाने लागलेला दिसतो.

याहून उपयोगी गोष्ट ॲलेक्स एल्म्सली या संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या ब्रिटिश जादूगाराने 1950 च्या दशकात मांडली. सर्वांत वरचे पान हव्या त्या जागी न्यायचे असेल, तर त्याच्या वर किती पाने हवीत ती संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 हे अंक वापरून, लिहायची आणि डावीकडून वाचत 1 साठी आतली, 0 साठी बाहेरची फॅरो करायची. पान दहाव्या जागी हवे असेल तर वर नऊ पाने हवीत. नऊ म्हणजे 1001, म्हणून आतली, बाहेरची, बाहेरची, आतली. पान दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या आणि शेवटी दहाव्या जागी जाते. आमच्या आठवीच्या मुलांना द्विमान संख्यांचा कंटाळा येतो, पण पत्ते हातात घेऊन हे करून दाखवले की तास संपल्यानंतरही ती उठत नाहीत.

ताईंनी सुरुवात 52 पानांनी करू नये, असे मात्र मी आग्रहाने सांगेन. 16 पाने घ्यावीत. आठ-आठ पानांचे विणकाम पटकन जमते आणि चार बाहेरच्या फॅरोंत मूळ क्रम परत येतो, त्यामुळे चूक झाली की लगेच कळते. त्यानंतर 32 पाने घ्यावीत, ती पाच वेळांत परततात.

तापीकाठ, शहादा

मास्तरांच्या गणिताला माझा नमस्कार, पण आठ वेळा पिसणे पाहत बसणारा प्रेक्षक आमच्याकडे वर्गाबाहेर मिळत नाही. मी हळदीच्या घरांत, मंडळांत आणि सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेच्या दिवसांत ओळखीच्या लोकांच्या राहुट्यांवर पत्त्यांचे खेळ करतो. फॅरो मला येते. ती मी क्वचितच वापरतो, आणि त्याचे कारण या चर्चेत अजून आलेले नाही.

आपल्या भागातला माणूस पत्ते ओळखतो. पारावर, शेतातल्या खळ्यावर, गाडीच्या डब्यात त्याने झब्बू, मेंढीकोट, रमी खेळलेली असते आणि पिसणे म्हणजे काय याचे एक चित्र त्याच्या मनात पक्के असते. कॅट डाव्या हातात धरून उजव्या हाताने पाने झपझप वरून टाकत जायचे, हे ते चित्र. या माणसासमोर कोणी कॅटचे दोन भाग केले, त्यांचे कोपरे भिडवले, मान खाली घालून कडांकडे पाहिले आणि पाने एकमेकांत विणली, तर त्याला ते पिसणे वाटतच नाही. त्याला ते काहीतरी मुद्दाम चाललेले काम वाटते. त्यातून एक्के आधीच दाखवलेले असतील तर तो पुढचे सगळे पाने घुसण्याच्या त्या क्षणाशी जोडून मोकळा होतो. खेळ संपल्यावर ‘पत्ता कथा गया?’, म्हणजे पत्ता कुठे गेला, असे त्याने विचारायला हवे. ‘मघाशी ते काय जुळवत होता?’ असे तो विचारू लागला की खेळ फसला असे समजावे.

म्हणून माझे मत असे आहे की तंत्राची किंमत ते किती अवघड आहे यावरून ठरवू नये. ते आपल्या प्रेक्षकांच्या सवयीत किती मिसळते, यावरून ठरवावी. जिथे लोक टेबलावर बसून दोन भागांची पाने अंगठ्यांनी फरफर सोडत पिसतात, तिथे फॅरो त्या पिसण्याची सभ्य बहीण म्हणून खपून जाते. आपल्याकडे तसे पिसणारा माणूस चित्रपटातल्या जुगाऱ्यासारखा दिसतो.

ताईंना वेळ कमी आहे, तर तो वेळ साध्या पिसणीतली खोटी पिसणी निर्दोष करण्यात घालवावा. ती प्रत्येक खेळात लागते. फॅरो एका खेळात लागेल.

रेल्वे कॉलनी, भुसावळ

शहाद्याच्या भाऊंचा मुद्दा वजनदार आहे आणि माझ्या उत्तरात तो यायला हवा होता. तरी दोन गोष्टी जोडतो.

पहिली अशी की मान खाली घालावी लागणे हा शिकण्याच्या काळातला दोष आहे, चालीचा नाही. कडा बोटांना ओळखू येऊ लागल्या की सुरुवातीला एक नजर पुरते आणि बाकीचा वेळ समोरच्याकडे पाहून बोलता येते. मात्र त्या टप्प्यापर्यंत पोचायला जो काळ लागतो, तोच ताईंकडे नाही, हे मला कळते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि ती ताईंचा सगळा हिशेब बदलू शकते. या खेळाला पूर्ण फॅरो लागतच नाही. पहिल्या वेळी फक्त वरचे चार एक्के दुसऱ्या भागाच्या वरच्या चार पानांत एकाआड एक बसले पाहिजेत, म्हणजे ते दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या जागी जातील. दुसऱ्या वेळी फक्त वरची आठ पाने तशीच बसली पाहिजेत. त्याच्या खाली पाने झुबक्याने घुसली तरी कोणाचे काही बिघडत नाही. कॅट 26-26 असा तंतोतंत काटण्याचीही गरज नाही; 22-30 झाला तरी चालतो. आतली फॅरो असल्यामुळे खालच्या भागाचे पहिले पान सर्वांत वर बसले पाहिजे, एवढेच पथ्य पाळायचे. पूर्ण 52 पानांची फॅरो आणि वरच्या आठ पानांची फॅरो यांत मेहनतीचा फरक फार मोठा आहे, आणि अर्धवट विणून खालचा भाग तसाच ढकलून दिला की ते दिसायलाही कमी नेटके, म्हणजे कमी संशयास्पद, वाटते.

मेंढीकोट, पारोळा

मी जादू करत नाही, फक्त पत्ते खेळतो. वर एकेक पान वाटण्याचे म्हटले आहे. आमच्याकडे मेंढीकोटला पहिल्यांदा पाच आणि मग चार-चार अशी पाने वाटतात, त्यामुळे खेळ चालू असल्याचा आव आणून हे दाखवायला गेलात तर एक्के भलत्याच्या हातात जातील, आणि ‘ताई, तुम्ही एकेक पान का वाटता?’ असा प्रश्न पहिल्या मिनिटाला येईल. रमीला एकेक वाटतात, पण हातात तेरा पाने असल्यावर चार एक्क्यांचे कौतुक राहत नाही. चार जणांना एकेक करून चार-चार पानेच वाटा आणि हा खेळ नाही, प्रयोग आहे, हे आधी सांगा.

आणि हे शिकल्यावर पैसे लावलेल्या डावात कधीही बसू नका. मुळात पैसे लावून खेळण्यावर 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि त्यात पिसणाऱ्याला अशी कला येते हे कळले तर कायद्याच्या आधी डावातलीच माणसे निकाल लावतात.

चौकटची राणी, चोपडा

सर्वांचे आभार. इतक्या तपशिलाची अपेक्षा मी केली नव्हती.

भुसावळच्या काकांच्या प्रश्नावर मी विचार केला. एक्के आधी दाखवणे मला सोडायचे नाही, कारण हळदीच्या घरात बायका आणि मुले पुढे बसलेली असतात. ‘एक्के कुठे आहेत?’ असे मुलांना विचारायचे, ती ‘वर!’ म्हणून ओरडतात, आणि तिथूनच खेळ रंगतो. पूर्वतयारीच्या मार्गात हा भाग निघून जातो. दुसरीकडे शहाद्याच्या भाऊंनी वर्णन केलेला पारावरचा जाणकार माणूसही मागे खुर्चीत बसलेला असतोच, आणि माझी मान खाली गेली की तो पुढे सरकून बसेल, हे मला नीट दिसते आहे.

तेव्हा पूर्ण फॅरो सध्या बाजूला ठेवावी आणि वरच्या आठ पानांपुरतीच ती शिकावी, असे मनात येते. त्यासाठी दोन शंका विचारते. लहान हातांना कोणती पाने सोयीची? आणि माझ्याकडच्या कॅटची पाने एका बाजूने अडतात, तो दोष हाताचा की पानांचा?

रेल्वे कॉलनी, भुसावळ

पानांची रुंदी पाहून घ्या. पोकरची पाने सुमारे 63 मिलिमीटर रुंद असतात आणि ब्रिजची सुमारे 57. लांबी दोन्हींची सारखीच, 88 च्या आसपास. लहान हाताला ब्रिजची पाने पेलतात, विशेषतः कॅटचा अर्धा भाग वरून अंगठा आणि बोटांच्या टोकांत धरताना हा फरक चांगलाच जाणवतो. कागदी पाने घ्यावीत. पूर्ण प्लॅस्टिकची पाने पावसाळ्यात टिकतात, पण ती निसटतात आणि शिकणाऱ्याच्या हातात कडा जुळलेल्या राहत नाहीत, असा माझा अनुभव आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात तळहात घामेजलेले असतात, म्हणून मी कॅटजवळ कोरडा रुमाल ठेवतो आणि सराव पहाटे करतो.

पाने एका बाजूने अडण्याचा दोष बहुधा हाताचा नाही. कारखान्यात पाने कापताना पाते ज्या बाजूने खाली येते त्यानुसार प्रत्येक पानाच्या कडेला अगदी सूक्ष्म उतार येतो, त्यामुळे काही कॅट वरून खाली विणायला सोपे जातात तर काही खालून वर. आपल्या खेळात विणकाम वरून सुरू व्हायला हवे. आपला कॅट तसा जात नसेल तर तो उलटा, म्हणजे चित्रे वर करून धरा आणि वरून विणून पाहा. तसा सहज गेला तर ओळखावे की हा कॅट या कामाचा नाही आणि दुसरा घ्यावा. कोपरे मऊ पडलेला किंवा तेलकट बोटांनी खेळलेला कॅट घरातल्या झब्बूसाठी ठेवून द्यावा.

जोर लावू नका. कडा टेबलावर ठोकून सरळ करा, दोन्ही भागांचे वरचे कोपरे किंचित तिरपे भिडवा आणि पहिले पान बसले की बाकीच्या पानांवर हलका दाब द्या. दाबल्यावरही पाने जात नसतील तर कडा जुळलेल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असतो.

तापीकाठ, शहादा

आठ पानांपुरते असेल तर माझा विरोध मागे घेतो. फक्त एक करा. दोन्ही वेळा विणून झाल्यावर, वाटण्यापूर्वी, आपली साधी खोटी पिसणी एकदा करा आणि त्यात वरची वीस पाने हलू देऊ नका. मागच्या खुर्चीतल्या माणसाने शेवटी पाहिलेली पिसणी त्याच्या ओळखीची असली पाहिजे. मग मधल्या विणकामाकडे त्याचे लक्ष राहत नाही. ही खोटी पिसणी आधी पक्की करा आणि ती लोकांसमोर निभावली की मगच फॅरोला हात लावा, कारण हळदीच्या घरी ऐनवेळी विणकाम बिघडले तर आपल्याला त्याच पिसणीने दुसऱ्या खेळाकडे वळता येईल.

गणित मास्तर, धुळे

वरच्या आठ पानांवर समाधान मानायला माझी हरकत नाही, पण पूर्ण फॅरो कायमची बाजूला ठेवू नये म्हणून एक खेळ सुचवून ठेवतो, जो दुसऱ्या कोणत्याही पिसणीने होत नाही. कॅटचा खालचा अर्धा भाग वरच्या अर्ध्याचे प्रतिबिंब होईल असा लावा. सर्वांत वर इस्पिकचा राजा असेल तर सर्वांत खाली किलवरचा राजा, वरून दुसरी बदामची सत्ती असेल तर खालून दुसरी चौकटची सत्ती, याप्रमाणे मध्यापर्यंत. आता बिनचूक फॅरो आतली करा वा बाहेरची, एकदा करा वा पाचदा, प्रत्येक पान आपल्या जोडीदाराच्या बरोबर समोर राहते. प्रेक्षकाने वरून कितवे पान ते सांगायचे आणि खालून तितकेच पान आपण काढायचे. शहाद्याचे भाऊ म्हणतात तसा पारावरचा माणूस इथेही विणकामाकडे पाहील, परंतु पाने खरोखर एकाआड एक मिसळताना त्याने स्वतः पाहिलेली असल्यामुळे त्याला पुढचे स्पष्टीकरण सापडत नाही. हा खेळ पुढच्या वर्षी करा, किंवा करूही नका.

सरावाला बसताना मात्र दोन्ही जोकर आणि कंपनीचे जाहिरातीचे पान बाजूला काढून पाने एकदा मोजून घ्यावीत. घरातल्या कॅटमध्ये 53 पाने असतील तर वरच्या आठ पानांचा खेळ तरीही निघेल, पण बाहेरची फॅरो आठ वेळा करून मूळ क्रम तपासायला बसलात तर शेवटी बिचाऱ्या हातांनाच दोष द्याल.